धमनी सुजते ती कशाने?

प्रयोगशाळेत उंदराच्या शेपटीच्या शिरेत टोचलेला द्रव हृदयामार्गे थेट फुप्फुसात जातो. या द्रवात शिस्टोसोमा मॅन्सोनी या रक्तकृमीची अंडी असतात. मिलिमीटरच्या सातव्या भागाएवढी लांब, कुशीला काटा असलेली. फुप्फुसातल्या बारीक धमन्यांत ती अडकतात. काही दिवसांनी तो भाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर अंड्याभोवती इओसिनोफिल आणि इतर पांढऱ्या पेशींचं दाट कडं दिसतं.

हे नुसत्या अडथळ्यामुळे होतं का? तर नाही. प्लास्टिकचे बारीक मणी टोचले, तर प्रतिक्रिया किरकोळ राहते. १९७० मध्ये डोव्ह बोरोस आणि केनेथ वॉरन यांनी अंड्यांतले विरघळणारे प्रतिजन, म्हणजे प्रतिकारशक्तीला चेतवणारे पदार्थ, वेगळे काढले आणि नंतर ते बेंटोनाइट मातीच्या कणांवर चढवून उंदरांना टोचले. अंडं नसतानाही फुप्फुसात गाठी उठल्या. जिवंत अंड्याच्या कवचातल्या सूक्ष्म छिद्रांतून हेच प्रतिजन पाझरत असतात. शरीराला त्यांची आधीच ओळख असेल, तर दुसऱ्या खेपेला सूज लवकर येते, धमनीची भिंत जाड होते आणि रक्ताची वाट अरुंद होते. इंटरल्युकिन-४ आणि इंटरल्युकिन-१३ हे दोन्ही संदेशवाहक एकदम रोखले, तर उंदरांमधली ही हानी कमी होते.

मग सूजच दाबून टाकावी का? तेही धोक्याचं आहे. प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी नसलेल्या उंदरांना या कृमीची लागण झाली, तर यकृतातल्या अंड्यांभोवती नीट कडं बनत नाही. अंड्यांतले विषारी स्राव यकृताच्या पेशी मारतात आणि उंदीर लवकर दगावतात. जी सूज धमनी बिघडवते, तीच यकृत वाचवते.

माणसाच्या आतड्यालगतच्या शिरांत हे कृमी वर्षानुवर्षं जगतात आणि मादी रोज सुमारे ३०० अंडी घालते. प्राझिक्वांटेल हे औषध कृमींना मारतं, पण आधीच रुतलेली अंडी काढत नाही. म्हणून औषध वेळेत मिळणं महत्त्वाचं. आफ्रिकेत अशा रक्तकृमींचा आजार, म्हणजे शिस्टोसोमियासिस, कोट्यवधींना ग्रासतो. आपल्याकडे १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसची नोंद झाली होती. या आजाराची लागण गोगलगायी असलेल्या गोड्या पाण्यातून होते. त्यामुळे रक्तवाहिन्या वाचवायच्या, तर सुरुवात पाणवठ्यापासूनच करायला हवी.