करी रोडहून आलेली गाडी खडखडते? शॉकअप बदलायच्या आधी लिंक रॉड बघा

गणपती जवळ आले की करी रोड, लालबाग, परळचे चाकरमानी गाड्या घेऊन गावाकडे निघतात. यातल्या बऱ्याच गाड्या वर्षभर चाळीजवळच्या गल्लीत उभ्या असतात, चालल्या तरी खोदलेल्या रस्त्यावर नि पेव्हर ब्लॉकवर. मग एकदम मुंबई-गोवा महामार्ग. पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, तिथले खड्डे आणि डायव्हर्जन आपल्याला नव्याने सांगायला नकोत. गावात पोचेपर्यंत पुढच्या चाकाजवळून कटकट वाजायला लागते आणि कोणीतरी सांगतो, "शॉकअप गेले."

बऱ्याचदा शॉकअप ठीक असतात. गेलेला असतो तो लिंक रॉड, काही मेस्त्री त्याला जम्पिंग रॉड म्हणतात. शॉकअपची जोडी हजारांत जाते, लिंक रॉड साध्या गाडीला काही शेकड्यांत मिळतो. म्हणून हे समजून घ्या.

पुढच्या दोन चाकांमध्ये एक आडवा पोलादी दांडा असतो, स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी एका बाजूला कलते तेव्हा हा दांडा पिळला जातो आणि कल आवरतो. दांड्याचं टोक शॉकअपला जोडणारी वीतभर लांबीची काडी म्हणजे लिंक रॉड. तिच्या दोन्ही टोकांना ग्रीस भरलेला छोटा बॉल जॉइंट आणि त्यावर रबरी बूट. बूट फाटला की चिखल-पाणी आत जातं, जॉइंट झिजतो आणि ढिला होऊन वाजतो. आपला लाल चिखल तर त्याला फारच मानवतो!

ओळखायची खूण सोपी आहे. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम वर जातात, तेव्हा दांडा पिळला जात नाही, आवाज कमी येतो. पण वाडीच्या कच्च्या रस्त्यावर एक चाक खड्ड्यात आणि एक वर, अशी हळू गाडी चालवली की कटकट सुरू. मग गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा आणि चाकामागे हात घालून लिंक रॉड हलवून बघा. खटखट लागली किंवा बूट फाटलेला दिसला तर बदलायचा.

काही जण शॉकअप बदलून येतात तरी आवाज तसाच. कारण जुनाच लिंक रॉड नव्या शॉकअपला परत लावलेला असतो!

बदलताना पुढची दोन्ही चाकं उचलायची. एकच बाजू उचलली तर दांडा पिळलेला राहतो, बोल्ट भोकातून सरळ निघत नाही. गाडी घोडीवर ठेवल्याशिवाय खाली हात घालू नका, नुसत्या जॅकवर किंवा चिऱ्यावर तर अजिबात नको. चाक काढा, नट ब्रशने साफ करा, गंज सोडवणारं तेल मारून थोडा वेळ थांबा. नट फिरवताना आतला बोल्टही सोबत फिरायला लागतो, म्हणून त्याच्या टोकाच्या खाचेत ॲलन की घालून धरायची आणि रिंग पान्याने नट सोडायचा. काही गाड्यांत बूटाच्या मागे पाना धरायला जागा असते. गंजून गेलाच असेल तर एक्साब्लेडने कापा, तो भाग टाकायचाच आहे. नवीन रॉडसोबत आलेलेच नट वापरा, जुने परत लावू नका. दोन्ही बाजू एकदम बदललेल्या बऱ्या. एक गेला तर दुसऱ्याने तेवढेच खड्डे खाल्लेले असतात.

नुसता लिंक रॉड बदलला तर व्हील अलाइनमेंटची गरज नसते. बिलात ते लावलं असेल तर विचारा. शॉकअप किंवा लोअर आर्म बदलला तर मात्र करून घ्या.

काही जुन्या छोट्या गाड्यांत वेगळा लिंक रॉड नसतोच, दांडा रबरी बुशमधून थेट लोअर आर्ममध्ये जातो. तिथे बुश बघायचे. आणि उचललेलं चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर दुखणं लिंकचं नाही, लोअर आर्मचा बॉल जॉइंट किंवा बेअरिंग गेलेलं असू शकतं. तो बॉल जॉइंट सुटला तर चाक वाकडं होतं, अशी गाडी चालवत नेऊ नका, मेस्त्रीलाच घरी बोलवा.

लिंक रॉड वाजत असताना गाडी चालते, हे खरं. पण परतीला कॅरिअरवर सामान, आत पाच-सहा माणसं आणि समोर परशुराम, भोस्ते, कशेडीची वळणं. रॉड तुटला तर गाडी जास्त कलते, तुटलेला तुकडा टायरला किंवा ब्रेकच्या पाइपलाही लागू शकतो. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गॅरेजला रांग असते, तेव्हा गौरी यायच्या आधीच गाडीखाली डोकावून घ्या.