संदेशांचा कारभारी

बंगळूर शहराच्या वायव्येस, तुमकूर रस्त्यालगत, पीण्या नावाचे विस्तीर्ण औद्योगिक क्षेत्र आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वसविलेल्या या क्षेत्राची गणना आशियातील मोठ्या औद्योगिक वसाहतींत होते. लेथ व मिलिंग यंत्रांवर सुटे भाग घडविणारे, मुलामा देणारे, कपडे शिवणारे असे असंख्य लहानमोठे कारखाने येथे शेजारी शेजारी नांदतात. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे ‘इस्ट्रॅक’ हे केंद्रही याच वसाहतीत आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील भूमीवर उतरला, तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेवणारा नियंत्रणकक्ष याच केंद्रात होता.

चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. तेथून निघालेला रेडिओ संदेश पृथ्वीवर पोचावयास सुमारे सव्वा सेकंद लागतो. उलट एखाद्या लहान कारखान्यात कचेरीतील संगणकाने पन्नास पावलांवरील यंत्रास पाठविलेला आराखडा कधी कधी तासभर पोचतच नाही. यंत्र उभे राहते, कामगार हात बांधून बसतो आणि ठरल्या वेळी द्यावयाचा माल अडून पडतो. तार शाबूत असते, संगणक शाबूत असतो. दोष बहुधा मध्यस्थाकडे असतो. संगणकांच्या तारा जेथे एकत्र येतात त्या पेटीस ‘स्विच’ असे म्हणतात. कारखान्याच्या सुरळीतपणाचा विचार करू लागले, म्हणजे भिंतीवरच्या या लहानशा पेटीपाशी येऊन थांबावे लागते.

दवंडी आणि टपाल

इथरनेट या पद्धतीचा जन्म १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात झाला. रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज हे तिचे प्रमुख शिल्पकार होत. प्रकाशलहरी वाहून नेणारे ‘ईथर’ नावाचे सर्वव्यापी माध्यम असावे, असे एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञ मानीत. ते माध्यम नाही असे पुढे सिद्ध झाले. नाव मात्र या नव्या तारेस मिळाले.

आरंभीच्या इथरनेटमध्ये सर्व संगणक एकाच जाड तारेस जोडलेले असत. एकाने पाठविलेला संदेश सर्वांच्या कानी पडे आणि ज्याचा असेल तो घेई. गावात दवंडी पिटावी, तसाच हा प्रकार होता. दोघांनी एकाच वेळी दवंडी पिटली, तर कोणाचेच शब्द कळत नसत. मग दोघेही थांबत आणि प्रत्येकजण यदृच्छेने ठरलेला काही काळ वाट पाहून पुन्हा बोलू लागे. संगणक थोडे होते तोवर हे निभावले. संख्या वाढू लागली, तसा गोंगाटच फार होऊ लागला.

यावर उपाय म्हणजे दवंडीऐवजी टपाल. १९९० साली ‘कल्पना’ हे भारतीय नाव धारण करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने सात तारा जोडता येतील असा इथरनेट स्विच बाजारात आणला. त्या कंपनीच्या संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे अभियंते होते. स्विच प्रत्येक संदेशाचे पाकीट पाहतो. त्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा, असे ४८ बिटांचे दोन पत्ते असतात. पाठविणाऱ्याच्या पत्त्यावरून कोणता संगणक कोणत्या तारेवर आहे, हे तो आपोआप शिकतो आणि पुढचे पाकीट नेमके त्याच तारेवर सोडतो. इतरांची शांतता भंगत नाही. पत्ता अद्याप अनोळखी असेल, किंवा संदेश सर्वांसाठीच असेल, तेव्हाच काय तो दवंडीचा आश्रय घेतो.

एका तारेचा घोळ

एवढे काम साधा स्विचही करतो. त्यास काही सांगावे लागत नाही आणि सांगितलेले त्यास कळतही नाही. त्याचे हे भोळेपणच पुढे घातक ठरते.

समजा, दोन साधे स्विच एका तारेने जोडलेले आहेत आणि साफसफाई करताना मोकळी दिसलेली दुसरी तारही कोणी सद्भावनेने त्या दोहोंतच खोचली. आता एक वर्तुळ पुरे झाले. सर्वांसाठी निघालेले पाकीट पहिला स्विच दुसऱ्याकडे देतो, दुसरा ते दुसऱ्या तारेने पहिल्याकडे परत धाडतो. इथरनेटच्या पाकिटावर आयुष्याची मर्यादा लिहिलेली नसते. त्यामुळे ते फिरतच राहते. दर सेकंदास १०० कोटी बिट वाहणाऱ्या तारेवर लहानात लहान पाकिटे सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार मावतात. क्षणार्धात ती सारी जागा फिरत्या पाकिटांनीच व्यापली जाते आणि सगळा कारखाना मुका होतो.

यावरील तोड रॅडिया पर्लमन या विदुषीने १९८५ साली शोधली. तिच्या पद्धतीत स्विच परस्परांशी बोलून आपल्या जाळ्यातून एक वृक्ष निवडतात. वृक्षाच्या फांद्या पुन्हा एकमेकींस मिळत नाहीत, म्हणून वर्तुळ उरत नाही. जादा तार तोडली जात नाही, राखीव ठेवली जाते. मुख्य तार तुटली की ती कामास येते. मूळ पद्धतीत या बदलास अर्धा मिनिट किंवा त्याहूनही अधिक वेळ लागे. २००१ साली प्रमाणित झालेल्या सुधारित पद्धतीत तो बहुधा काही सेकंदांवर किंवा त्याहूनही खाली आला. घातक ठरणारी तारच अशा रीतीने आधाराची होते.

एक वाडा, अनेक बिऱ्हाडे

ज्या स्विचला अशा आज्ञा देता येतात, त्यास ‘मॅनेज्ड स्विच’ म्हणतात. जुन्या मराठी दौलतीतील शब्द वापरावयाचा, तर हा संदेशांचा कारभारी होय. त्याचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे विभागणी. एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे असावीत, जिना एकच असावा, पण एकाच्या स्वयंपाकघरात दुसऱ्याने शिरू नये, तशी ही व्यवस्था असते. कचेरीतील संगणक एका बिऱ्हाडात, यंत्रे दुसऱ्यात, कॅमेरे तिसऱ्यात आणि पाहुण्यांचे फोन चौथ्यात. १९९८ साली प्रमाणित झालेल्या पद्धतीनुसार पाकिटावर बिऱ्हाडाचा क्रमांक लिहिला जातो. असे ४०९४ क्रमांक उपलब्ध असतात. एका बिऱ्हाडातून दुसऱ्यात जावयाचे, तर ठरलेल्या दारातून, पहारेकऱ्यासमोरूनच जावे लागते.

ही खबरदारी अनाठायी नाही. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक संगणकी प्रोग्रॅम पसरला आणि एका संगणकावरून दुसऱ्यावर उड्या घेत जगभर गेला. नवी मुंबईजवळील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम त्यामुळे कोलमडले. युद्ध तेथे नव्हते, वादळही नव्हते; तरी मालाची ये-जा अडली. केवळ विभागणीने असे प्रत्येक संकट टळते असे नाही. परंतु एका खोलीत लागलेली आग साऱ्या वाड्यात पसरावयाची की त्या खोलीपुरती राहावयाची, हे बऱ्याच अंशी मधल्या भिंतींवर अवलंबून असते. लहान कारखान्यात ही भिंत अधिकच निकडीची असते. कारण तेथील यंत्रांचे संगणक पुष्कळदा जुने असतात, आणि यंत्र बंद ठेवून त्यांची दुरुस्ती करावयास सवड नसते.

नोंदवही आणि मालकाची नजर

कारभारी हिशेबही ठेवतो. कोणती तार केव्हा निखळली, कोणत्या तारेवर खराब पाकिटे वाढली, कोठे अनोळखी संगणक जोडला गेला, याची नोंद त्याच्यापाशी असते. ती दुरून वाचण्याची एक सर्वमान्य पद्धत १९८८ पासून प्रचारात आहे. त्यामुळे ‘यंत्र का थांबले?’ या प्रश्नास तर्काऐवजी पुरावा मिळतो. तसेच दिरंगाई न सोसणाऱ्या संदेशांस वाट आधी देण्याची आज्ञाही त्यास करता येते.

असा स्विच साध्या स्विचपेक्षा महाग असतो आणि त्यास समजून घेणारा माणूसही लागतो. पुष्कळ ठिकाणी तो विकत घेतला जातो, भिंतीवर चढतो आणि कारखान्यातून आला त्याच परवलीच्या शब्दानिशी वर्षानुवर्षे तसाच राहतो. विभागणी केली जात नाही, नोंदवही उघडली जात नाही. मग महागडा कारभारीही भोळाच राहतो. इतकेच नव्हे, तर तो ठाऊक असलेला परवलीचा शब्द कोणाही आगंतुकाच्या हाती किल्ली देतो.

पीण्यातील अंतराळ केंद्राचे काम आणि शेजारच्या लेथवाल्याचे काम यांत अंतर मोठे आहे. तरी संदेश योग्य जागी, योग्य वेळी आणि फक्त योग्य हाती पोचावा, ही गरज दोहोंची सारखीच आहे. परवलीचा शब्द बदलणे, यंत्रे व कचेरी वेगळी करणे, आठवड्यातून एकदा नोंदी वाचणे, एवढ्याने लहान कारखान्याचेही पुष्कळ रक्षण होते. कारभारी कितीही शहाणा असला, तरी मालकाची नजर फिरल्यावाचून कारभार चालत नाही.