बाबांची पद्मिनी

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. आईला दवाखान्यातून घरी आणत होतो. घराजवळच्या उतारावर ब्रेक दाबला, तर पाय थेट तळालाच टेकला. भराभर दोन-तीनदा पायडल मारलं, हँडब्रेक ओढला, तेव्हा कुठं गाडी थांबली. आई काही बोलली नाही. सौ. मात्र रात्री म्हणाली, "बाबांची आठवण म्हणून ठेवा, पण तिच्यात आता माणसं बसवू नका."

तिचं काही चुकलं नव्हतं.

बाबांनी १९८३ साली नवी घेतलेली ही प्रीमियर पद्मिनी. मूळची इटलीची फियाट, पण बनली मुंबईत कुर्ल्याला. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, चारही चाकांना ड्रमब्रेक. सौंदत्तीच्या यल्लम्मापासून आंबोलीच्या घाटापर्यंत आमचं घर तिच्यातूनच हिंडलं. २००० च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. तरी मुंबईत टॅक्स्या धावत होत्या, तोवर पार्ट मिळायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही रस्त्यावरून गेली.

आमच्या मिस्त्रींनी ड्रम उघडला. दोष व्हील सिलिंडरमध्ये होता. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की सिलिंडर आतून गंजतो, खड्डे पडतात, त्यावर घासून रबरी वायसर कातरले जातात आणि ऑइल गळतं. मी हौसेनं बाजारातून नवा कोरा सिलिंडर आणला. आठ दिवसांत तोही पाझरू लागला. मिस्त्री हसून म्हणाले, "होसदु ब्याड्री सर, हळेदं चलो ऐत्री."

जुनाच सिलिंडर घेऊन उद्यमबागेत गेलो. आपल्या बेळगावात फौंड्री आणि लेथ यांची काय कमी! तिथल्या कारागिरानं आतला गंजका थर कातून काढला, स्टेनलेस स्टीलची बारीक नळी घट्ट बसवली आणि मूळ मापाला घासून दिली. मग चारही चाकांचे सिलिंडर तसेच करून घेतले. वायसर, होजपाइप, ऑइल सगळं नवं घातलं.

ज्यांच्या दारात अशी गाडी आहे, त्यांना अनुभवाचे दोन शब्द. जुना पार्ट फेकू नका, नवा करायला तोच नमुना लागतो. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलनं जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा खराब होतो, तेही तपासा. आठवड्यातून एकदा तरी गाडी फिरवा. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपातल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते. आमची २०३३ मध्ये त्या वयाला पोचेल. तोवर तिला धडधाकट ठेवायचं आहे.

पंधरा दिवस मी एकट्यानंच गाडी मोकळ्या मैदानात आणि मग रस्त्यावर चालवून पाहिली. परवा आईला पुन्हा दवाखान्यात न्यायचं होतं. सौ. आपणहून पुढं येऊन बसली. परतताना तोच उतार आला, तशी तिनं दाराची मूठ घट्ट धरली. मी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली.

मागून आई म्हणाली, "तुझे बाबा इतक्या जोरात दाबत नव्हते हो."