विश्वकथेची दुसरी आवृत्ती आणि तिचे प्रेक्षक

१९८० सालच्या २८ सप्टेंबरला अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर 'कॉसमॉस' या मालिकेचा पहिला भाग दाखविण्यात आला. भाग एकंदर तेरा होते व प्रत्येक भाग सुमारे एक तासाचा होता. कॉर्नेल विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन हे तिचे निवेदक. लेखनात त्यांना ॲन ड्रूयन आणि स्टीव्हन सोटर यांचे साहाय्य लाभले होते. विज्ञानाचा कार्यक्रम म्हटला की फळा, खडू आणि कंटाळा हे समीकरण पुष्कळांच्या मनात घट्ट बसलेले असते. या मालिकेने ते मोडले. कल्पनेच्या यानात बसून आकाशगंगेबाहेर जावे, तेथून अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात उतरावे आणि लगेच केप्लरच्या कष्टमय घरसंसारात डोकवावे, असा तिचा रिवाज होता. पुढे साठ देशांत मिळून पन्नास कोटींहून अधिक लोकांनी ती पाहिली असे सांगितले जाते. आपल्याकडे दूरदर्शननेही ती ऐंशीच्या दशकात दाखविली. लखनौचे दूरदर्शन केंद्र १९७५ च्या २७ नोव्हेंबरला सुरू झाले होते. त्यामुळे अवधच्या या राजधानीत दूरदर्शनसंच ही तेव्हा अजून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून पाहण्याची वस्तू होती.

चौतीस वर्षांनी, ९ मार्च २०१४ रोजी, हीच मालिका नव्या रूपात अवतरली. सेगन १९९६ मध्येच निवर्तले होते. त्यांच्या जागी न्यूयॉर्कच्या हेडन तारांगणाचे संचालक नील डिग्रास टायसन आले. लेखन पुन्हा ड्रूयन व सोटर यांचेच होते. या खेपेस मात्र सार्वजनिक वाहिनीऐवजी 'फॉक्स' या व्यापारी वाहिनीने आणि 'नॅशनल जिओग्राफिक'ने ती दाखविली. पहिल्या भागापूर्वी अमेरिकेचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी चार शब्द बोलून तिचे स्वागत केले. त्या रात्री अमेरिकेत सुमारे ८५ लक्ष लोकांनी ती पाहिली.

एखाद्या आवडत्या ग्रंथाची सुधारून वाढविलेली आवृत्ती निघाली की जुने वाचक ती कपाळाला आठ्या घालूनच उघडतात. येथेही तसेच झाले. परंतु विज्ञानाच्या बाबतीत नवी आवृत्ती काढणे ही केवळ हौस नसते. सेगन जेव्हा दूरच्या सूर्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांविषयी बोलत होते तेव्हा तसा एकही ग्रह कोणास ठाऊक नव्हता. १९९२ पासून असे ग्रह सापडू लागले आणि २०१४ पर्यंत त्यांची गणना शेकड्यांनी होऊ लागली होती. विश्वाच्या प्रसरणाचा वेग कमी होत नसून वाढत आहे हे १९९८ मध्ये कळले. डायनोसॉरांच्या विनाशाचा संबंध अशनीच्या आघाताशी जोडणारा अल्व्हारेझ पितापुत्र व त्यांचे सहकारी यांचा निबंध जुनी मालिका सुरू होण्यापूर्वी जेमतेम पावणेचार महिने प्रसिद्ध झाला होता. त्या आघाताचे विवर मेक्सिकोत आहे हे १९९१ मध्ये ओळखले गेले. सेगन यांनाही ही जाणीव होती. दहा वर्षांनंतर मालिका पुन्हा दाखविली गेली तेव्हा त्यांनी भागांच्या शेवटी नव्या माहितीची जोड दिली होती.

दोन्ही मालिकांत कायम राहिलेली एक युक्ती म्हणजे विश्वाची दिनदर्शिका. विश्वाचे सारे वय एका वर्षात बसविले तर कोणती घटना कोणत्या तारखेस पडेल, हे तीत दाखविले जाते. सेगन यांनी विश्वाचे वय सुमारे १५०० कोटी वर्षे धरले होते, तर नव्या मालिकेने १३८० कोटी. या हिशेबाने दिनदर्शिकेचा एक दिवस म्हणजे सुमारे ३ कोटी ७८ लक्ष वर्षे आणि एक सेकंद म्हणजे सुमारे ४३७ वर्षे होतात. आता हा हिशेब लखनौस लावून पाहावा. नवाब आसफउद्दौला यांनी १७७५ मध्ये फैजाबादहून राजधानी येथे आणली आणि १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले. ज्या नवाबीच्या आठवणींवर हे शहर अजून जगते ती सारी नवाबी सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यातही आटोपते. रायगडावरील राज्याभिषेकही त्याच अखेरच्या सेकंदाच्या आत पडतो. शहराचा अभिमान बाळगणाऱ्यास हे रुचेलच असे नाही.

या दिनदर्शिकेची उलटी पाने चाळण्याचे काम करणारी एक संस्था लखनौतच आहे. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी १९४६ मध्ये स्थापिलेल्या संस्थेच्या इमारतीची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसविण्यात आली. ही शिला साधी नाही. निरनिराळ्या काळांतील जीवाश्म तीत जडविलेले आहेत. त्यानंतर आठवडाभरातच साहनी वारले. दख्खनच्या लाव्हाथरांच्या मधल्या गाळात सापडणाऱ्या वनस्पतींचाही त्यांनी अभ्यास केला होता. म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचे वय ठरविण्याच्या प्रयत्नात लखनौचाही वाटा आहे. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे आणि डायनोसॉरांचा अंतही त्याच सुमारास झाला. अशनी आणि लाव्हा यांत दोष कोणाचा किती, याविषयी भूवैज्ञानिकांत अद्याप वाद आहे. दूरचित्रवाणीला मात्र आकाशातून कोसळणारा अशनी अधिक सोयीचा वाटतो, कारण तो पाहायला चांगला दिसतो.

जुन्या प्रेक्षकांच्या तक्रारींपैकी काही निव्वळ बाह्यांगाविषयी होत्या. चित्रे फार झगझगीत आहेत, ऐतिहासिक प्रसंग नटांऐवजी रेखाचित्रपटातून दाखविले आहेत आणि मधूनमधून जाहिराती रसभंग करतात, असे त्यांचे म्हणणे होते. शेवटच्या तक्रारीत तथ्य आहे. जाहिरातींमुळे प्रत्येक भाग पाऊण तासाहूनही थोडा आखूड झाला आणि सेगन यांच्या निवेदनातील ते सावकाश थांबणे, प्रेक्षकास विचाराला सवड देणे, नव्या मालिकेस परवडले नाही. पण आठवणही नेहमी खरी बोलत नाही. अब्जावधी हा अर्थ असलेला इंग्रजी शब्द दोनदा उच्चारून सेगन यांची नक्कल करण्याची अमेरिकेत रूढीच पडली होती. विनोदी निवेदक जॉनी कार्सन यांनी ती लोकप्रिय केली. सेगन यांनी ते शब्द तसे मालिकेत कधी उच्चारलेच नव्हते! अखेर कंटाळून, किंवा गंमत म्हणून, त्यांनी आपल्या शेवटच्या पुस्तकास तेच नाव दिले.

टायसन यांना लोकांनी मनापासून स्वीकारले याचे श्रेय बव्हंशी पहिल्या भागाच्या शेवटास द्यावे लागेल. १९७५ च्या डिसेंबरात, सतरा वर्षांचे असताना, ते सेगन यांच्या निमंत्रणावरून त्यांची प्रयोगशाळा पाहण्यास गेले होते. बाहेर हिमवर्षाव होत होता. परतीच्या वेळी सेगन यांनी आपला घरचा दूरध्वनी क्रमांक त्यांना लिहून दिला आणि बस आली नाही तर रात्री आमच्याकडे मुक्काम कर, असे सांगितले. ही आठवण टायसन यांनी साध्या शब्दांत सांगितली. गुरुशिष्यपरंपरा ज्यांच्या परिचयाची आहे अशा भारतीय प्रेक्षकास तिचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागला नसेल.

वाद खरा पेटला तो जोर्दानो ब्रूनोवरून. १६०० साली रोममध्ये जिवंत जाळल्या गेलेल्या या भटक्या तत्त्वज्ञाची कथा पहिल्या भागात बरीच विस्ताराने आली होती. इतिहासाच्या अभ्यासकांनी तत्काळ आक्षेप घेतले. ब्रूनो शास्त्रज्ञ नव्हता. अमर्याद विश्वाची कल्पना इंग्लंडच्या टॉमस डिगीसने त्याच्या आधी मांडली होती. धर्मपीठाने त्याला दोषी ठरविले त्यात ख्रिस्ताचे देवत्व, त्रिमूर्ती इत्यादी धर्मशास्त्रीय प्रश्नांचा भाग मोठा होता. सोटर यांनी या टीकेला लेखी उत्तर दिले. ब्रूनोची कल्पना पुराव्यावाचून केलेला, दैवयोगाने खरा ठरलेला तर्क होता, हे मालिकेतच सांगितलेले आहे, हेही ध्यानात घ्यावयास हवे. तथापि प्रेक्षकाच्या मनावर ठसते ते पेटलेल्या चितेचे चित्र. ते एक वाक्य धुरात हरवून जाते. जुन्या मालिकेतही हायपेशिया आणि अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाविषयी असेच झाले होते. हुतात्म्यांच्या कथा रंगविताना विज्ञानाच्या कैवाऱ्यांनीही पुराव्याचे बंधन पाळावे, ही अपेक्षा मला रास्त वाटते. किंबहुना त्यांच्याकडूनच ती करावयाची.

दुसरा वाद उत्क्रांतीचा. पहिल्याच भागात मानवाच्या पूर्वजांचा ओझरता उल्लेख होता. ओक्लाहोमा शहरातील एका स्थानिक वाहिनीवर नेमक्या त्या वाक्याच्या जागी रात्रीच्या बातम्यांची पंधरा सेकंदांची जाहिरात झळकली. कर्मचाऱ्याच्या हातून चूक झाली असा खुलासा वाहिनीने केला. तो खरा असेलही. पण लोकांना तो पटावयास जड गेला, यावरून तेथील वातावरणाची कल्पना येते. सृष्टी ईश्वराने आहे तशीच घडविली असे मानणाऱ्यांनी आपल्यालाही तितकाच वेळ मिळावा, अशी मागणी केली. आपल्याकडे अशी भीती नाही असे पूर्वी आपण समाधानाने म्हणत असू. २०२३ मध्ये दहावीच्या पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचे प्रकरण वगळण्यात आले आणि अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांना निषेधाचे पत्र काढावे लागले, तेव्हापासून तसे म्हणणे कठीण झाले आहे.

भारतीय प्रेक्षकांची स्वतःची कात्री निराळ्या ठिकाणी चालली. जुन्या मालिकेच्या दहाव्या भागात सेगन तमिळनाडूत येतात, पोंगलचा सण दाखवितात, नटराजाच्या मूर्तीपुढे थबकतात आणि हिंदूंच्या कालगणनेविषयी आदराने बोलतात. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा व अहोरात्र ८६४ कोटी वर्षांचे. हा काळ पृथ्वीच्या वयापेक्षा मोठा व विश्वाच्या वयाच्या निम्म्याहून अधिक भरतो. एवढे ऐकून आपल्या प्रेक्षकांची छाती अभिमानाने फुलली आणि तो तुकडा आजही मोठ्या हौसेने दाखविला जातो. सेगन यांनी मात्र त्याच ओघात असेही म्हटले होते की हा मेळ निःसंशय योगायोगाचा आहे. ते शब्द बहुतेकांच्या कानांवर पडत नाहीत. ओक्लाहोमात पंधरा सेकंद यंत्राने कापले गेले. येथे दोन सेकंद श्रोत्याचे मनच कापून टाकते. वास्तविक एवढ्या प्रचंड काळाची कल्पना करण्याचे धैर्य हीच केवढी मोठी गोष्ट आहे! तिला मोजमापाचा खोटा दाखला जोडण्याची गरज काय?

अशा शंका विचारावयास जागा असती तर बरे झाले असते. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर 'टर्निंग पॉइंट' नावाचा विज्ञानविषयक कार्यक्रम लागत असे. त्यात प्रेक्षकांनी पत्राने विचारलेल्या प्रश्नांना प्राध्यापक यशपाल उत्तरे देत. 'कॉसमॉस' पहिली असो वा दुसरी, प्रेक्षकाशी बोलते पण त्याचे ऐकून घेत नाही.

नव्या मालिकेने एक उणीव मात्र भरून काढली. तिच्या पाचव्या भागाचा नायक आहे दहाव्या-अकराव्या शतकातील इब्न अल-हैथम. बसऱ्यास जन्मलेल्या या विद्वानाने प्रकाशाचा प्रयोगपूर्वक अभ्यास केला. विज्ञान ग्रीसमधून निघाले ते थेट युरोपात जाऊन उतरले, असे मानणाऱ्यांना ही नवलाई वाटली. लखनौच्या जुन्या घराण्यांत तशी वाटू नये. आसफउद्दौलांच्या दरबारातील तफज्जुल हुसेन खान यांनी न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया'चा अरबी अनुवाद केला होता. नवाब नसीरुद्दीन हैदर यांनी येथे वेधशाळा उभारावयास घेतली आणि कर्नल विल्कॉक्स यांना तिचे प्रमुख नेमले. विल्कॉक्स वारल्यावर, १८४९ मध्ये, वाजिद अली शाह यांनी ती बंद केली. उपकरणे सत्तावनच्या धामधुमीत नाहीशी झाली. 'तारोंवाली कोठी' हे नाव तेवढे उरले आणि त्या वास्तूत पुढे स्टेट बँकेचे कामकाज सुरू झाले. तिसऱ्या मालिकेत, २०२० मध्ये, सम्राट अशोकाची कथा आली. तफज्जुल हुसेन यांच्यासारख्यांची पाळी कधी येईल कोण जाणे.

माझ्या मते नव्या मालिकेतील सर्वांत मोलाचा भाग सातवा. त्याची चर्चा मात्र ब्रूनोच्या मानाने फारच थोडी झाली. क्लेअर पॅटरसन या भूरसायनशास्त्रज्ञाने अशनीच्या तुकड्यांतील शिसे मोजून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरविले. मोजताना त्याला जिकडेतिकडे नको तेवढे शिसे आढळू लागले, म्हणून त्याने अत्यंत स्वच्छ प्रयोगशाळा बांधली आणि हे शिसे येते कोठून याचा शोध घेतला. त्याचे मोठे कारण निघाले पेट्रोल. शिशाच्या उद्योगाने त्याच्या संशोधनाचा पैसा तोडला आणि त्या उद्योगाच्या तज्ज्ञांनी शिसे निसर्गातच असते असे सांगून लोकांना निर्धास्त केले. पॅटरसन हटला नाही. अमेरिकेत पेट्रोलमधील शिसे टप्प्याटप्प्याने काढण्यात आले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. हजरतगंजच्या चौकात त्या तारखेपूर्वी जन्मलेले आणि त्यानंतर जन्मलेले लोक एकाच रस्त्यावरून चालतात. विषारी द्रव्यांच्या अभ्यासासाठी १९६५ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संशोधनसंस्थाही त्यांच्याच शहरात आहे.