पाण्यात सापडलेलं सोनं कुणाचं?

पेणच्या गणपतींचं नाव सर्वदूर गेलं आहे. पण मैत्रिणींनो, त्याच तालुक्यातल्या गडब, कासू, वडखळ या पट्ट्यात विसर्जनानंतर घरोघरी काय होत असेल, ते तुम्हीही अनुभवलं असेल. आरत्या झाल्या, मूर्ती पाण्यात गेली, घरी येऊन रिकाम्या पाटावर दिवा लावला, आणि मग आठवलं, ‘अगंबाई, गौरीच्या नाकातली सासूबाईंची नथ काढलीच नाही!’ दुसऱ्या दिवशी ओहोटीला पोरं चिखलात हात घालायला पळतात. नथ एखाद्याच्या हाती लागतेही. मग ती कुणाची?

‘सापडलं त्याचं’ असं आपण सहज म्हणून जातो. कायदा तसं मुळीच म्हणत नाही. हरवलेल्या वस्तूची मालकी हरवत नाही, मग ती रस्त्यात पडो की खाडीत. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, सापडलेली वस्तू ज्याने उचलली त्याने ती दुसऱ्याची ठेव म्हणून सांभाळायची. मालकाचा शोध घेण्यात आणि ती जपण्यात खर्च झाला, तर तो मिळेपर्यंत वस्तू हातची सोडू नये, इतका हक्क त्याला आहे. त्या खर्चासाठी कोर्टात दावा मात्र लावता येत नाही. मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल, तर ते हक्काने मागता येतं. आणि मालक माहीत असून, किंवा थोड्या चौकशीने कळण्यासारखा असून गुपचूप वस्तू गिळली तर? जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याला कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षं कैद, शिवाय दंड आहे. एका नथीपायी!

आता दुसरी गोष्ट. समजा, उधाणाने खारबंदिस्तीच्या बांधाला खांड गेली आणि ती बुजवताना मातीतून नाण्यांनी भरलेलं मडकं निघालं. किंवा घराचा पाया खणताना निघालं. मालक कोण, कुणालाच ठाऊक नाही. यासाठी १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. त्यात किमतीची मर्यादा आहे अवघी दहा रुपये! म्हणजे आजच्या हिशेबाने चांदीचं एक नाणंसुद्धा त्यात आलं. शोधणाऱ्याने शक्य तितक्या लवकर कलेक्टरला लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. माल सरकारी खजिन्यात ठेवायचा किंवा मागाल तेव्हा हजर करीन म्हणून जामीन द्यायचा. मग जाहीर नोटीस निघते आणि दावेदारांना किमान चार महिन्यांची मुदत मिळते.

तुम्ही म्हणाल, मग सगळं सरकारजमाच झालं की! तसं नाही, आणि नेमकं हेच पुष्कळांना माहीत नसतं. निधी बेवारस ठरला आणि वाद नसला, तर शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जागेच्या मालकाला चौथा. सरकारला तो हवाच असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग देऊन ते घेतं. लपवलं मात्र तर हिस्साही जातो आणि वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणून घरातल्या कुणी ‘कुणाला बोलू नकोस, सराफाकडून आटवून आणू’ असं म्हटलं, तर तिथेच ‘नाही’ म्हणा. कपाटाची किल्ली आपल्या कमरेला असते, तेव्हा चौकशीही आपल्यापर्यंत येते. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू तर १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार परवान्यावाचून करता येत नाही, आणि परगावच्या पाहुण्याबरोबर परदेशी धाडणं तर नाहीच.

बुडालेल्या जहाजांचं काय? गडबच्या पश्चिमेची खाडी धरमतरवरून पुढे मुंबई बंदरालाच मिळते, आणि त्या बंदराच्या गाळात खरोखरच सोनं होतं. १४ एप्रिल १९४४ ला गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. त्यावर दारूगोळा, कापूस आणि १२४ सोन्याच्या लगडी होत्या, प्रत्येकी सुमारे पावणेतेरा किलोची. शेकडो माणसं दगावली. आग विझवणारे ६६ जवान गेले. मोतीवाला नावाच्या निवृत्त पारशी इंजिनियरच्या घरात एक लगड आभाळातून येऊन पडली. त्यांनी ती परत केली, ९९९ रुपये बक्षीस मिळालं, तेही मदतनिधीला दिलं. गाळ काढताना पुढे कित्येक वर्षं लगडी निघत राहिल्या. जहाज बुडालं म्हणून त्यावरचा माल बेवारस होत नाही. तो सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायचा. वाचवल्याबद्दलचा मोबदला मागता येतो.

मुलांना बुड्या मारण्याची हौस असली, तर मालवण-तारकर्लीला पावसाळ्यानंतर पाणी नितळ असतं, शिकवणारे असतात, तिथे खुशाल न्या. आपल्या खाडीत हातभर अंतरावरचं दिसत नाही, गाळात पाय रुततो आणि भरती फिरली की पोहणाराही हतबल होतो. आणखी एक सांगते. बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेण्याची पोरांना खोड असते. त्याने दम वाढल्यासारखा वाटतो, पण श्वास घ्यायची शरीराची हाक उशिरा येते आणि त्याआधीच पाण्याखाली शुद्ध हरपते. कमरेइतक्या पाण्यातही हे घडतं.

काही सापडलंच, तर वस्तू घासूपुसू नका, चिंचेने तर मुळीच नको. जागा लक्षात ठेवा, दोन शेजारी साक्षीला घ्या. दागिना असला तर पोलीस ठाण्यात कळवा. जुना ठेवा असला, तर अलिबागला कलेक्टरच्या नावे अर्ज करा. पेणच्या तहसील कचेरीत चौकशी केलीत, तर पुढची वाट कळेल. अर्जाच्या दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर शिक्का-सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.