शून्यागारातील भय : ‘एलियन’विषयीची प्रेक्षकमते आणि रसविचार

१९७९ साली रिडली स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेला ‘एलियन’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच वर्षी मराठीत जयंत नारळीकर यांचा ‘यक्षांची देणगी’ हा विज्ञानकथासंग्रह प्रसिद्ध झाला. हा निव्वळ योगायोग असला तरी तो अभ्यासकास उपयोगी पडावा असा आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली नारळीकरांच्या ‘कृष्णविवर’ या कथेस पारितोषिक मिळाल्यापासून मराठी विज्ञानकथेकडून वैज्ञानिक शक्यतेच्या पायाची अपेक्षा केली जाऊ लागली. भयकथेचा प्रवाह नारायण धारप, रत्नाकर मतकरी यांच्या लेखनातून निराळा वाहत होता. धारपांनी दोन्ही प्रकार हाताळले असले तरी समीक्षेने या दोहोंना बहुधा वेगवेगळ्या फडताळांत ठेवले. त्यामुळे एकाच वेळी विज्ञानकथा आणि भयकथा असलेल्या कृतीसमोर आपला प्रेक्षक काहीसा गोंधळतो आणि त्याची मते परस्परविरुद्ध वाटू लागतात. ही मते केवळ रुचिभेदातून उद्भवतात की त्यांच्यामागे रसप्रक्रियेची काही संगती आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम कथानक थोडक्यात पाहू. ‘नॉस्ट्रोमो’ नावाचे मालवाहू यान खनिज घेऊन पृथ्वीकडे परतत असते. त्यावर सात कर्मचारी आणि एक मांजर आहे. वाटेत एक संदेश मिळतो, म्हणून एका निर्जन गोलावर उतरावे लागते. तेथील अंड्यासारख्या वस्तूतून निघालेला जीव एका कर्मचाऱ्याच्या चेहऱ्यास चिकटतो. पुढे त्याच कर्मचाऱ्याची छाती फोडून एक नवा जीव बाहेर येतो, यानातच वाढतो आणि एकेकाचा बळी घेतो. शेवटी रिप्ली ही अधिकारी स्त्री आणि ते मांजर एवढीच वाचतात.

या चित्रपटाविषयी वारंवार ऐकू येणारे पहिले मत असे की, ‘यात विज्ञान कुठे आहे? ही तर भुताच्या वाड्याची गोष्ट.’ हे मत केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनीही आरंभी या चित्रपटास अंतराळातले पछाडलेले घर अशा अर्थाने काहीसे कमी लेखले होते. २००३ मध्ये मात्र त्यांनी आपल्या थोर चित्रपटांच्या मालिकेत त्याचा समावेश केला. परंतु वाड्याशी असलेले साम्य हा दोष का मानावा? भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे जे विभाव सांगितले आहेत, त्यांत विकृत ध्वनी, भुताखेतांचे दर्शन, अरण्य आणि शून्यागार, म्हणजे ओसाड घर, यांचा स्पष्ट निर्देश आहे. नॉस्ट्रोमोचे अंधारे बोळ, ठिबकणारे पाणी आणि हलणाऱ्या साखळ्या हे शून्यागारच होय.

विज्ञानाचे कार्य येथे वेगळ्या ठिकाणी दिसते. ओसाड वाड्यातील माणूस निदान पळून जाऊ शकतो, हाक मारू शकतो. यानाबाहेर निर्वात पोकळी आहे आणि निर्वातात ध्वनी पसरत नाही. अंतराळात किंकाळी कोणासही ऐकू येत नाही, या आशयाचे चित्रपटाच्या जाहिरातीतील गाजलेले वाक्य भौतिकशास्त्रातील या सत्यावर उभे आहे. भरतांनी विकृत ध्वनी हा विभाव मानला. या चित्रपटाने ध्वनीच्या अभावास विभावाचे रूप दिले. विज्ञानाने जुन्या विभावास बळकटी दिली, एवढे तरी पहिल्या मताच्या प्रेक्षकाने मान्य करावयास हरकत नाही.

दुसरे मत विज्ञानाच्या जाणकारांचे आहे. काही खाल्लेले दिसत नसताना तो जीव काही तासांत माणसाहून मोठा कसा होतो? हे वस्तुमान येते कोठून? हा आक्षेप रास्त आहे. अभिनवगुप्तांनी रसास्वादाची सात विघ्ने सांगितली असून त्यांत पहिले विघ्न ‘संभावनाविरह’ हेच आहे. जे घडणे शक्यच वाटत नाही, त्यात चित्त विश्रांत होत नाही. त्यावरील उपायही त्यांनी दिला आहे. लोकसामान्य विषय घेतल्यास हृदयसंवाद साधतो आणि अलौकिक विषयासाठी प्रख्यात व्यक्तींचा आधार घ्यावा लागतो. ‘एलियन’ पहिल्या उपायाचा अवलंब करतो. त्याचे कर्मचारी वीर किंवा शास्त्रज्ञ म्हणून समोर येत नाहीत. ते जेवताना थट्टा करतात, आपल्या वाट्याचे पैसे कमी मिळतात म्हणून कुरकुरतात.

प्रस्तुत लेखक ज्या वडनेर भोलजी येथे हे लिहीत आहे, ते नांदुरा तालुक्यातील गाव मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्गावर वसले आहे. रात्रभर दुसऱ्याचा माल वाहून नेणाऱ्या चालकाची आणि क्लीनरची बोलणी ज्याने रस्त्याकडेच्या धाब्यावर ऐकली आहेत, त्याला नॉस्ट्रोमोवरील माणसे परकी वाटण्याचे कारण नाही. जीवाच्या वाढीचा हिशेब चुकतो, तरी माणसांचा हिशेब जुळतो. ज्या प्रेक्षकाचे लक्ष दुसऱ्या हिशेबावर असते त्याला पहिली चूक जाणवत नाही.

संभाव्यतेची मर्यादा प्रदेशपरत्वेही बदलते. याच बुलढाणा जिल्ह्यात दक्षिणेकडे लोणार आहे. आकाशातून आलेल्या पाषाणाच्या आघाताने बेसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर तेथे निर्माण झाले. त्याच विवराची लोककथा लवणासुराची आहे. भूमीखाली दडलेल्या या दैत्याच्या विवरावरील झाकण दूर करून विष्णूने त्याचा वध केला, असे ती सांगते. दैत्यसूदनाचे मंदिर तेथे आजही उभे आहे. उल्केचे ज्ञान नसलेल्या मनाने त्या खड्ड्याचा अर्थ लावला तो खाली लपलेल्या भक्षकाच्या रूपाने. ‘एलियन’मधील अंड्यांची गुहा पाहताना या जिल्ह्यातील प्रेक्षकास काही ओळखीचे वाटले, तर ते अडाणीपणाचे लक्षण नव्हे. विवर आणि त्यातील दैत्य ही जोडी त्याने लहानपणीच ऐकलेली असते.

तिसरे मत असे : ‘भीती वाटली नाही, किळस आली.’ येथे भरतांचे एक सूत्र विशेष प्रकाश टाकते. त्यांच्या मते शृंगार, रौद्र, वीर आणि बीभत्स हे मूळ रस असून बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती होते. आधुनिक काळात नोएल कॅरोल यांनी १९९० च्या ‘द फिलॉसॉफी ऑफ हॉरर’ या ग्रंथात जवळपास याच ठिकाणी बोट ठेवले. त्यांच्या मते भयकथेतील राक्षस केवळ धोकादायक असून भागत नाही, तो अशुद्ध, वर्गवारीत न बसणारा असावा लागतो. एच. आर. गिगर या चित्रकाराने कल्पिलेला हा जीव हाड आणि यंत्र यांच्या मधला आहे. तेव्हा किळस ही भयाच्या मार्गातील पायरी आहे. मात्र काही प्रेक्षक त्या पायरीवरच अडतात. त्यांची किळस स्वतःच्या देहाची होते आणि ते पडद्यावरून नजर काढतात. अभिनवगुप्तांच्या परिभाषेत हे दुसरे विघ्न होय. भाव ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ म्हणून बद्ध झाला की साधारणीकरण थांबते. शाकुंतलातील बाणाच्या भयाने पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेऊन त्यांनी दाखविले आहे की, रसिकास प्रतीत होणारे भय हरिणाचे नसते आणि स्वतःचेही नसते, ते स्थलकालाच्या बंधनातून सुटलेले भय असते.

येथवर प्राचीन विचार आपणास साथ देतो. चौथ्या मतापाशी मात्र त्याची मर्यादा दिसते. अनेक प्रेक्षकांना सर्वांत भयंकर वाटतो तो त्या जीवापेक्षा कंपनीचा गुप्त आदेश : जीव हस्तगत करा, कर्मचारी गेले तरी चालतील. हा आदेश राबविणारा सहकारी यंत्रमानव निघतो. राजाच्या वा गुरूच्या अपराधातून उपजणारे भय भरतांना ठाऊक होते. येथे कर्मचाऱ्यांनी अपराध केलेला नाही. ते केवळ खर्ची घालण्याजोगे ठरले आहेत. मालकाच्या हिशेबात आपली किंमत शून्य आहे हे कळल्याचे भय कोणत्याही जुन्या विभावसूचीत बसत नाही.

दुसरी मर्यादा रिप्लीची. भरतांनी भय हा स्त्रियांचा आणि नीच प्रकृतीच्या पात्रांचा भाव मानला. सिगर्नी वीव्हर यांनी साकारलेली रिप्ली थरथरते, रडकुंडीस येते आणि तशाच अवस्थेत योग्य निर्णय घेते. बाधित सहकाऱ्यास यानात घेऊ नये, हा तिचा आरंभीचा नियमनिष्ठ आग्रह मानला गेला असता तर सारेच टळले असते. भय आणि उत्साह हे दोन स्थायिभाव एका स्त्रीपात्रात एकत्र नांदतात. ही घटना समजून घेण्यासाठी रसविचाराची फेरमांडणी करावी लागेल.

‘भुताची गोष्ट’, ‘अशक्य’, ‘किळसवाणे’ आणि ‘खरा राक्षस कंपनी’ ही चार मते एकमेकांस खोडून काढीत नाहीत. प्रत्येक प्रेक्षक आपल्या आस्वादाचा प्रवाह कोठे वाहिला आणि कोठे अडला हेच सांगत असतो. आपल्या वर्गांतून रससिद्धांत परीक्षेपुरता पाठ केला जातो आणि विद्यार्थ्याने पाहिलेला चित्रपट वर्गाबाहेर ठेवला जातो. ‘मला भीती वाटली’ असे त्याने म्हटल्यावर आपण त्यास अपरिपक्व समजतो. वास्तविक कशाची, केव्हा आणि कोणासाठी, एवढे तीन प्रश्न त्याला विचारले तर समीक्षेस तेथूनच आरंभ होतो.