तंजावरच्या आकाशातील शेंडेनक्षत्र

व्यंकोजी राजांनी तंजावरात उभी केलेली भोसल्यांची सत्ता १८५५ मध्ये संपुष्टात येईपर्यंत हॅलीचा धूमकेतू तीन वेळा सूर्याजवळ येऊन गेला: १६८२ मध्ये खुद्द व्यंकोजी गादीवर असताना, १७५९ मध्ये प्रतापसिंहांच्या कारकिर्दीत आणि १८३५ मध्ये दुसऱ्या शिवाजींच्या काळात. सुमारे ७६ वर्षांनी फिरून येणारा हा धूमकेतू तोच असला, तरी दर फेरीत तो सारखाच तेजस्वी दिसत नाही, कारण त्याचे तेज उसने असते.

धूमकेतूचा मूळ पिंड, ज्याला केंद्रक म्हणतात, तो बर्फ, गोठलेले वायू आणि धूळ यांचा बनलेला असतो. मार्च १९८६ मध्ये युरोपचे जिओत्तो यान हॅलीच्या केंद्रकापासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेले, तेव्हा जेमतेम १५ किलोमीटर लांबीचा हा पिंड कमालीचा काळा असून अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी फक्त ४ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परावर्तित करतो, असे आढळले. त्याच्या सूर्याकडील बाजूने मात्र वायू आणि धुळीचे झोत उसळत होते. धूमकेतूचे सारे वैभव आहे ते या झोतांत.

सूर्यापासूनचे अंतर ४५ कोटी किलोमीटरच्या आत आले की पाण्याचा बर्फ, कापूर उडून जावा तसा, वितळण्याची पायरी गाळून थेट वाफ होऊ लागतो. या क्रियेला संप्लवन म्हणतात. ही वाफ धुळीला बरोबर घेऊन बाहेर पडते, क्षीण गुरुत्वाकर्षणामुळे केंद्रकाला ती धरून ठेवता येत नाही, आणि लाखभर किंवा त्याहूनही अधिक किलोमीटर व्यासाचे विरळ आवरण तयार होते, जे धूमकेतूचे शीर्ष होय. त्यातील धूलिकण सूर्यप्रकाश विखुरतात, म्हणून धुळीची शेपटी पिवळसर पांढरी दिसते. वायूंची तऱ्हा वेगळी: त्यांचे रेणू सूर्यप्रकाश शोषून तो ठराविक रंगांत परत सोडतात, याला प्रतिदीप्ती म्हणतात, आणि दोन कार्बन अणूंच्या रेणूमुळे कित्येक धूमकेतूंच्या शीर्षाला हिरवी झाक येते. हा रेणू उन्हात फार काळ टिकत नसल्याने तो हिरवा रंग शेपटीत उतरत नाही. विद्युतभारित वायूंची निळसर शेपटी सौर वाऱ्याने, म्हणजे सूर्यापासून सतत वाहणाऱ्या कणांच्या प्रवाहाने, सूर्याच्या विरुद्ध दिशेला ढकललेली असते.

तेजाचा उरलेला हिशेब पृथ्वीच्या जागेवर अवलंबून आहे. एप्रिल १७५९ मध्ये हॅली पृथ्वीपासून १.८ कोटी किलोमीटरच्या आसपास आला होता, आणि त्या वेळी तो दक्षिण आकाशात असल्यामुळे सुमारे ११ अंश उत्तर अक्षांशावरील तंजावरची जागा युरोपातील वेधशाळांपेक्षा किती तरी सरस होती. शिवाय विषुववृत्ताजवळ सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरत असल्याने संधिप्रकाश लवकर सरतो, आणि सूर्यालगतचा धूमकेतू मावळण्यापूर्वी बराचसा काळोखात पाहता येतो. उलट १९८६ मध्ये हॅली सूर्याच्या सर्वांत जवळ होता त्या वेळी पृथ्वी नेमकी पलीकडच्या बाजूस होती, त्यामुळे धूमकेतू ऐन भरात असूनही बहुतेकांच्या पदरी निराशाच आली. यात दोष धूमकेतूचा नव्हता. जुलै २०६१ मध्ये तो पुन्हा सूर्याजवळ येईल, तेव्हा तो आणि पृथ्वी सूर्याच्या एकाच बाजूस असतील आणि तो १९८६ पेक्षा पुष्कळच तेजस्वी दिसेल.